फॉरमॅट मारण्याआधी

संगणक बंद पडला की दुरुस्तीच्या दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो: "फॉरमॅट मारून देऊ का, भाऊ?" मोहाडीत असो, तुमसरात असो की नागपूरच्या सीताबर्डीत, या एका वाक्याने जेवढ्या फाइल्स गेल्या असतील तेवढ्या व्हायरसने आणि विजेच्या लपंडावाने मिळूनही गेल्या नसतील, असं माझं मत आहे. विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्याला मशीन चालू करून द्यायचं असतं आणि नवं विंडोज टाकलं की ते चालू होतंही. पण गिऱ्हाइकाचा जीव मशीनमध्ये नसतो, आतल्या फाइल्समध्ये असतो. मशीन चालू करणं आणि फाइल परत मिळवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं घाईने उरकलं की दुसरं बहुतेकदा कायमचं बिघडतं.

मोहाडी हे भंडारा-तुमसर रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. अशा गावात कोणाच्या संगणकात काय असतं हे सांगायला फार डोकं लागत नाही. राइस मिलवाल्याची टॅली, स्टुडिओवाल्याकडे लग्नांचे आणि चौंडेश्वरी देवीच्या नवरात्राचे फोटो, टायपिंग-झेरॉक्सवाल्याकडे वर्षानुवर्षांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं आणि लग्नपत्रिका, आंधळगावात कोशाचं कापड विणणाऱ्यांकडे साड्यांच्या काठांचे फोटो, शाळेत निकालपत्रकं. यातलं काय खरंच फक्त त्या एका मशीनमध्ये होतं, हा पहिला प्रश्न. सातबारा त्यात नसतो. तलाठ्याचा लॅपटॉप जळाला तरी सातबारा राज्याच्या सर्व्हरवर शाबूत असतो आणि महाभूलेखवर दिसतो. आपले सरकार केंद्रातून काढलेले दाखले, डिजिलॉकरमधली गुणपत्रिका, बँकेचं स्टेटमेंट, भरलेलं जीएसटी रिटर्न, हे सगळं पुन्हा उतरवून घेता येतं. ही यादी शांतपणे कागदावर मांडली की निम्मी घबराट तिथेच ओसरते आणि उरलेल्या निम्म्याकडे नीट पाहता येतं.

उरलेल्या निम्म्याबद्दल बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट अशी की डिलीट केलेली फाइल लगेच पुसली जात नाही. डिस्कवर फाइलचा मजकूर एका जागी असतो आणि कुठली फाइल कुठल्या जागेवर आहे याची नोंद दुसऱ्या जागी. डिलीट म्हटल्यावर संगणक फक्त नोंदीवर "ही जागा मोकळी" असा शेरा मारतो. सातबाऱ्यावरचं नाव कमी झालं म्हणून शेत उचलून कोणी नेत नाही, तसंच हे. मजकूर जागेवरच राहतो, पण त्याच्यावर कोणाचा हक्क उरलेला नसतो. पुढे कुठलीही नवी फाइल, विंडोजचा अपडेट, नुसतं ब्राउझर उघडल्यावर साठणारं सटरफटर त्या मोकळ्या जागेवर येऊन बसतं आणि जुना मजकूर खरोखर संपतो. क्विक फॉरमॅटही एवढंच करतो, कोरी नोंदवही उघडतो. मात्र फॉरमॅट मारून त्यावर नवं विंडोज टाकलं की कित्येक गिगाबाइट ताजा मजकूर त्याच जागेवर ओतला जातो. फुल फॉरमॅट तर विंडोज व्हिस्टापासून सगळ्या जागेवर शून्यं लिहितो. त्यातून काही परत येत नाही.

म्हणून फाइल गेल्याचं लक्षात आल्यावर पहिलं काम म्हणजे त्या डिस्कवर काहीही लिहू न देणं. रिसायकल बिन पाहा, तिथे नसेल तर मशीन बंद करा. लोक नेमकं उलटं करतात. त्याच मशीनवर इंटरनेट लावतात, रिकव्हरीचं सॉफ्टवेअर शोधतात, ते त्याच ड्राइव्हवर उतरवतात, तिथेच इन्स्टॉल करतात आणि सापडलेले फोटोही त्याच ड्राइव्हवर सेव्ह करतात. म्हणजे वाचवायला आलेलं सॉफ्टवेअर ज्याला वाचवायचं त्याच्याच अंगावर उभं राहतं.

आपल्याकडे सी आणि डी ड्राइव्हचा एक मोठा समज आहे. "सगळं डी मध्ये आहे, सी फॉरमॅट झाला तरी काही होत नाही." विंडोज बिघडण्यापुरतं हे खरं आहे, पण बहुतेक घरगुती मशीनमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क मेली की दोन्ही गेले. शिवाय डेस्कटॉपवर आणि डॉक्युमेंट्समध्ये ठेवलेलं सगळं सी मध्ये असतं, हे फॉरमॅट मारल्यावर आठवतं.

विंडोज सुरू होत नाही, निळा पडदा येतो किंवा मशीन गोल-गोल फिरत राहतं, अशा तक्रारींत पुष्कळदा डिस्कला काहीच झालेलं नसतं. बिघडलेलं असतं ते फक्त विंडोज. तेव्हा डिस्क काढायची, यूएसबीच्या केबलने किंवा केसिंगमध्ये घालून दुसऱ्या संगणकाला लावायची आणि फाइल्स उतरवून घ्यायच्या. डिस्क काढायची नसेल तर पेन ड्राइव्हवर उबुंटूसारखं लिनक्स घेऊन त्यावरून मशीन सुरू करायचं. त्याला विंडोजच्या डिस्क वाचता येतात. थोडी जाण असलेल्या पोराला हे तासाभरात जमतं आणि पैसे जवळपास लागत नाहीत. इथे एक सापळा आहे. डिस्कवरची नोंदवही खराब झाली असेल तर विंडोज आपणहून विचारतं की ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का. तिथे हो म्हणायचं नाही, खिडकी बंद करायची.

फोटोंच्या कार्डाची तऱ्हा थोडी वेगळी. ३२ जीबी किंवा त्याहून लहान मेमरी कार्डावर सहसा फॅट ३२ पद्धतीची नोंद असते, आणि तिच्यात फाइल डिलीट झाली की नावाचं पहिलं अक्षर खोडून तिथे एक खूण ठेवली जाते. त्यामुळे रिकव्हरी सॉफ्टवेअरच्या यादीत कॅमेऱ्यातल्या फोटोंची नावं पहिलं अक्षर गायब होऊन येतात. हे पाहून घाबरायचं कारण नाही, उलट नोंद अजून शिल्लक असल्याची ती खूण आहे. लग्नाच्या धामधुमीत चुकून कार्ड फॉरमॅट झालं तर ते त्या क्षणी कॅमेऱ्यातून काढून बाजूला ठेवायचं आणि पुढचं शूटिंग दुसऱ्या कार्डावर करायचं. वरातीचे फोटो त्याच कार्डावर घेतले तर हळदीचे गेले समजा.

नोंदवहीच नष्ट झाली असेल तर सॉफ्टवेअर दुसरी वाट धरतं. ते डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत जातं आणि फाइलच्या सुरुवातीच्या ठरलेल्या खुणा शोधतं. प्रत्येक जेपीईजी फोटो ठरावीक दोन बाइटांनी सुरू होतो. पीडीएफच्या तोंडावर टक्क्याची खूण आणि पीडीएफ ही अक्षरं असतात. वर्डची नवी डॉकएक्स फाइल आतून झिप असते आणि पी-के या दोन अक्षरांनी सुरू होते. झिप पद्धत काढणाऱ्या फिल कॅट्झ या अमेरिकी माणसाची ती आद्याक्षरं, आणि जगातल्या प्रत्येक डॉकएक्सच्या डोक्यावर ती अजून बसलेली आहेत. ख्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच माणसाने लिहिलेलं फोटोरेक हे फुकट सॉफ्टवेअर या कामात वाकबगार आहे. नाव फोटोरेक असलं तरी ते शेकडो प्रकारच्या फाइल्स ओळखतं. त्याचा तोटा असा की फाइल परत येते, पण तिचं नाव, फोल्डर आणि बऱ्याचदा तारीख येत नाही. एफ आणि पुढे लांबलचक आकडा, अशा नावांच्या हजारो फाइल्स समोर पडतात. शिवाय फाइल तुकड्या-तुकड्यांनी डिस्कवर पसरलेली असेल तर तिचं तोंड सापडतं, शेपूट सापडत नाही.

मराठी टायपिंगवाल्याची खरी परीक्षा इथे सुरू होते, आणि रिकव्हरीवर लिहिणारे तिच्याबद्दल सहसा बोलत नाहीत. आपल्या जिल्ह्यात, एकूणच विदर्भात, टायपिंगची दुकानं वर्षानुवर्षं कृतिदेव फॉन्टवर चालली. पुण्या-मुंबईकडे श्रीलिपी, शिवाजी, सी-डॅकचे सुरेख आणि योगेश. हे सगळे युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचे फॉन्ट. त्यांत फाइलमध्ये मराठी अक्षर साठवलंच जात नाही. साठवलं जातं इंग्रजी अक्षर, आणि फॉन्ट त्याच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. कृतिदेवमध्ये "मोहाडी" टाइप केलं तर फाइलच्या पोटात ई, के, एस, जी, के, कॅपिटल एम, एच अशी सात इंग्रजी अक्षरं असतात. ई म्हणजे म, के आणि एस मिळून ओकार, जी म्हणजे ह, परत के म्हणजे काना, कॅपिटल एम म्हणजे ड, एच म्हणजे दीर्घ वेलांटी.

आता कल्पना करा. डिस्क गेली, कष्टाने फाइल्स परत आल्या, नव्या मशीनवर उघडल्या आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा निरर्थक काला. दुकानदार कपाळाला हात लावतो, "करप्ट झाली." फाइल करप्ट झालेली नसते. जुन्या मशीनबरोबर फॉन्ट गेलेला असतो, एवढंच. कृतिदेवचा तोच क्रमांक असलेला फॉन्ट टाकला की मजकूर जसाच्या तसा उभा राहतो. क्रमांक तोच हवा, कारण वेगवेगळ्या क्रमांकांत काही खुणांच्या जागा बदलतात. मग "र" च्या जागी भलतंच काही येतं आणि माणूस पुन्हा गोंधळतो. फाइल्स अशा सांगाड्यासारख्या पाहून डिलीट करून टाकलेल्या दुकानांचा हिशेब कोणी ठेवलेला नाही, पण तो लहान नसावा.

या इंग्रजी पोटाचा एक फायदाही आहे. नाव गेलेल्या हजारो फाइल्समधून नेमकी एक शोधायची असेल, समजा मोहाडीच्या एखाद्या जुन्या प्रतिज्ञापत्राची, तर शोधखिडकीत युनिकोडमध्ये "मोहाडी" लिहून काही हाती लागणार नाही. वर्डमध्ये कृतिदेवने तो शब्द टाइप करा, मग फॉन्ट बदलून एरियल करा. समोर जी इंग्रजी अक्षरं दिसतील ती उचलून विंडोजच्या शोधखिडकीत टाका. पूर्ण नाव घेण्यापेक्षा गावाचा किंवा आडनावाचा एखादा ठळक तुकडा घ्यावा. ह्रस्व वेलांटी मात्र लक्षात ठेवायची: कृतिदेवमध्ये ती व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, जशी हाताने टंकलेखन यंत्रावर मारायचे तशी. हाती लागलेला मजकूर मग युनिकोडमध्ये बदलून ठेवावा. कन्व्हर्टर फुकट मिळतात, पण रफार आणि जोडाक्षरं त्यांच्याकडून चुकतात, तेव्हा एकदा डोळ्यांखालून घालणं आलंच.

टायपिंगवाल्यांसाठी आणखी एक. कोरलड्रॉमध्ये पत्रिका करणाऱ्यांनी मूळ फाइल उघडत नसेल तर त्याच फोल्डरमध्ये "बॅकअप ऑफ" या इंग्रजी शब्दांनी सुरू होणारी फाइल शोधावी. कोरल ती स्वतः करून ठेवतं आणि कित्येक जण तिला कचरा समजून उडवतात. वर्डमध्ये लाइन गेल्यामुळे अर्ज सेव्ह व्हायचा राहिला असेल तर फाइल मेन्यूतल्या इन्फोमध्ये न-सेव्ह-केलेले दस्तऐवज परत मिळवण्याची सोय आहे. ती उन्हाळ्यात पंखा-एसी सुरू होताच लाइन पडणाऱ्या गावाला माहीत असायलाच हवी.

इथपर्यंतचं सगळं डिस्क धडधाकट असताना. डिस्कच आजारी असेल तर खेळ बदलतो. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात आणि वाचणारं डोकं त्यांच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. माणसाचा केस सुमारे सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून अंतराचा अंदाज यावा. डिस्क पडली, धक्का बसला किंवा डोकं झिजलं की ते चकतीला लागतं आणि चुंबकीय थर खरवडतं. ठरावीक अंतराने येणारा "कट्-कट्" आवाज म्हणजे डोकं आपली जागा शोधतंय आणि त्याला सापडत नाही. हा आवाज आला की वीज बंद करायची. "अजून एकदा लावून पाहू" प्रत्येक वेळी थोडा आणखी थर घेऊन जातं. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवून चालते, हा सल्ला अजून फिरतो. तो ऐकू नका. बाहेर काढल्यावर आत दव धरतं. झाकण उघडून आत पाहणं तर नकोच, धुळीचा एक कण त्या अंतरापेक्षा कितीतरी मोठा असतो. हे काम धूळमुक्त खोलीत, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कची डोकी काढून लावून केलं जातं. बाहेरची हिरवी पाटी बदलून डिस्क जिवंत करण्याची जुनी युक्तीही आता सरळ चालत नाही, कारण प्रत्येक डिस्कची स्वतःची मोजमापं त्या पाटीवरच्या चिपमध्ये कोरलेली असतात. चिपही हलवावी लागते.

आवाज नाही, पण डिस्क मध्येच अडकते, कॉपी होताना तासन् तास लागतात, असं असेल तर चेकडिस्क चालवण्याचा मोह टाळावा. तो दुरुस्तीच्या नावाखाली खराब डिस्कवर लिहितो. आधी संपूर्ण डिस्कची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यायची आणि मग जे काय करायचं ते नकलेवर करायचं. लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू हे फुकट सॉफ्टवेअर सोपा भाग आधी उचलतं, अडलेल्या जागा शेवटी ठेवतं आणि कुठपर्यंत आलो याचा नकाशा लिहीत राहतं. मध्ये लाइन गेली तरी तिथूनच पुढे सुरू करता येतं. आपल्याकडे या सोयीचं मोल वेगळं सांगायला नको.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी सुटलं आणि वैनगंगेच्या पुराने भंडारा शहराच्या मोठ्या भागात घरात-दुकानात पाणी शिरलं. अशा वेळी भिजलेल्या संगणकाचं काय करायचं? आपला जिल्हा तांदळाचा, त्यामुळे भिजलेलं यंत्र तांदळाच्या डब्यात खुपसणं ही आपली पहिली प्रेरणा. मोबाइललाही त्याचा फार उपयोग होत नाही, हार्ड डिस्कला अजिबात नाही. उन्हात वाळवणंही चुकीचं. पुराचं पाणी गढूळ असतं, ते वाळलं की गाळ चकतीला आणि डोक्याला चिकटून बसतो. रिकव्हरीवाले सांगतात ते उलटं आहे: डिस्क वीज न लावता, ओलसर असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून लॅबपर्यंत पोचवा. भंडाऱ्याहून नागपूर साधारण साठ किलोमीटर. त्याच दिवशी पोचता येतं.

डिस्क किती सोसते याचं टोकाचं उदाहरण कल्पना चावला ज्या कोलंबिया यानात होत्या त्याचं आहे. १ फेब्रुवारी २००३ ला यान पृथ्वीवर परतताना फुटलं. टेक्ससमध्ये पसरलेल्या अवशेषांत झेनॉन वायूवरच्या एका प्रयोगाची हार्ड डिस्क काही महिन्यांनी सापडली. बाहेरून ती वितळलेल्या धातूचा गोळाच होती. अमेरिकेतल्या ऑनट्रॅक कंपनीच्या तंत्रज्ञांनी चकत्या काढून, धुऊन नव्या सांगाड्यात बसवल्या आणि सुमारे ९९ टक्के डेटा वाचला. त्या प्रयोगाचा शोधनिबंध २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. डिस्क अर्धीच भरलेली होती आणि साध्या डॉस पद्धतीने मजकूर सलग लिहिलेला होता, हे नशीब. आकाशातून पडलेली डिस्क वाचली आणि टेबलावरच्या धडधाकट डिस्कवरचा मजकूर फॉरमॅटने गेला, ही विसंगती पुरेशी बोलकी आहे.

पण हा सगळा दिलासा जुन्या फिरत्या डिस्कचा. नव्या लॅपटॉपमध्ये एसएसडी असते आणि तिच्यात डिलीटचा अर्थच बदललेला आहे. तिथे जागा मोकळी झाली की विंडोज ट्रिम नावाचा आदेश पाठवतं, ही सोय २००९ च्या विंडोज ७ पासून आहे. आदेश मिळताच एसएसडी ती जागा रिकामी धरते. काही क्षणांनी तिथे वाचायला गेलं तर शून्यांखेरीज काही येत नाही. म्हणजे वर सांगितलेलं "मजकूर जागेवरच राहतो" हे एसएसडीला लागू नाही. रिसायकल बिनमधून उडालेली फाइल तिथे गेली ती गेली. आणि एसएसडी मरताना आवाज करत नाही. काल चालू, आज दिसतच नाही.

त्याहून मोठी अडचण कुलुपाची. नव्या विंडोज ११ लॅपटॉपची सगळी डिस्क बहुतेकदा आपोआप कूटबद्ध होते. मदरबोर्ड जळाला, डिस्क काढून दुसरीकडे लावली, तर ती ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागते. ती नसेल तर जगातली कुठलीही लॅब काही करू शकत नाही. ही की ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला त्या खात्यात जाऊन बसलेली असते. आता आपल्याकडे लॅपटॉप कोण सुरू करून देतं? दुकानदार, नाहीतर भाचा. कधी स्वतःचा ईमेल टाकून, कधी तिथल्या तिथे एक नवा बनवून, ज्याचा पासवर्ड संध्याकाळपर्यंत दोघेही विसरतात. मोबाइलचं याहून कडक: फॅक्टरी रिसेट मारलेल्या आजच्या फोनमधून फोटो परत आणून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

मग उरतो दुसरा मार्ग, आणि माझ्या मते तो पहिल्यापेक्षा मोठा आहे: फाइल आपल्याकडे नसेल, पण कोणाकडे तरी असेल. २१ जून २०१२ ला मुंबईत मंत्रालयाला आग लागली. चौथ्या मजल्यावरून ती वरच्या मजल्यांवर गेली, पाच जणांचा जीव गेला आणि कित्येक विभागांच्या फाइल्स जळाल्या. त्या पुन्हा उभ्या करताना आधार झाला तो इतर कार्यालयांत पडून असलेल्या प्रतींचा. सरकारी पत्राच्या तळाशी "प्रत" म्हणून कार्यालयांची जी लांब यादी असते तिची आपण थट्टा करतो. पण एकच कागद दहा गावी असण्याची ती व्यवस्था आहे.

पाच वर्षांनी, जून २०१७ मध्ये, नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने जहाजवाहतुकीतल्या मर्स्क कंपनीला गाठलं. उरणजवळच्या जेएनपीटी बंदरात तिच्या गटाच्या टर्मिनलचं काम थांबलं, कंटेनर तुंबले. कंपनीचे हजारो सर्व्हर आणि सुमारे ४५ हजार संगणक नव्याने बसवावे लागले. सगळ्या जाळ्याचा मूळ नकाशा ज्या खास सर्व्हरवर असतो त्यांच्या दीडशेच्या आसपास प्रती जगभर होत्या. पण त्या एकमेकींशी सतत जुळवून घेणाऱ्या आणि एकाच जाळ्यात जोडलेल्या होत्या, त्यामुळे सगळ्या एकदमच पुसल्या गेल्या. वाचली ती एकच, आफ्रिकेतल्या घाना देशातली. हल्ल्याच्या वेळी तिथली लाइन गेलेली होती! घानाहून इंग्लंडला एवढा डेटा पाठवण्याइतकं इंटरनेट नव्हतं आणि तिथल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटिश व्हिसा नव्हता. मग एक जण डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला, तिथे त्याने ती सहकाऱ्याच्या हाती दिली आणि तो इंग्लंडला घेऊन गेला.

आपण गूगल ड्राइव्हवर विसंबतो तेव्हा या दीडशे प्रतींची आठवण ठेवावी. जुळवून घेणारी प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. इकडे फाइल उडाली की तिकडेही उडते. फरक इतकाच की गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवस सापडते. हीच गोष्ट खंडणीच्या व्हायरसची. चोरीचं फोटोशॉप किंवा क्रॅक टाकताना तो आत येतो, फाइल्सना कुलूप घालतो आणि लावून ठेवलेली बाहेरची डिस्कही सोडत नाही. तसं झालंच तर पैसे पाठवण्याआधी 'नो मोअर रॅन्सम' या युरोपोल आणि डच पोलिसांच्या सहभागाने चालणाऱ्या मोफत उपक्रमाकडे किल्ली आहे का ते पाहावं. काही जातींचा व्हायरस फाइलचा फक्त सुरुवातीचा भाग बिघडवतो, त्यामुळे लग्नाचे मोठे व्हिडिओ दुरुस्त होऊ शकतात. म्हणून कुलूप पडलेल्या फाइल्स उडवू नयेत, वेगळ्या डिस्कवर ठेवून द्याव्यात. कधी कधी किल्ली वर्षा-दोन वर्षांनी बाहेर येते.

घरच्या फाइल्ससाठी "कोणाकडे तरी असेल" याची जागा शोधायला सोपी आहे. जीमेलचं सेंट मेल उघडा. व्हॉट्सॲपवर अर्ज ज्याला पाठवला त्याचा चॅट उघडा. छापखान्याला दिलेली पत्रिकेची फाइल छापखान्यात असते. टॅलीचा डेटा सीए किंवा कर सल्लागाराच्या मशीनवर मार्चअखेरपर्यंतचा तरी सापडतो. अल्बमच्या लॅबला पाठवलेले फोटो लॅबकडे काही दिवस राहतात, म्हणून तिथे पहिल्याच दिवशी फोन करायचा. ज्या घरचं लग्न त्यांना दिलेल्या पेन ड्राइव्हमध्ये निवडक तरी असतातच. व्हॉट्सॲपवरून गेलेले फोटो लहान होऊन जातात हे खरं, पण काहीच नसण्यापेक्षा बरे. अँड्रॉइड फोनमध्ये व्हॉट्सॲप रोज पहाटे स्वतःची प्रत काढतं आणि साधारण आठवडाभराच्या प्रती फोनमध्येच असतात, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं.

पुढच्या वेळेसाठी बाहेरच्या दोन हार्ड डिस्क पुरेशा आहेत. एक दुकानात, कॉपी झाली की केबल काढून कपाटात. दुसरी दुसऱ्या गावी, भंडाऱ्यात किंवा नागपुरात राहणाऱ्या नातेवाइकाकडे, आणि दिवाळी-पोळ्याला जाणं होतं तेव्हा अदलाबदल. पुराचं पाणी एकाच दिवशी दोन्हीकडे सहसा शिरत नाही. पेन ड्राइव्हवर वर्षानुवर्षं भरवसा ठेवू नये, वीज न मिळाल्यास त्यातला मजकूर झिजतो. आणि प्रत घेतली एवढ्याने भागत नाही, ती उघडूनही पाहावी लागते. २०१७ मध्ये राज्यभर संगणकातला सातबारा चावडीवर वाचून दाखवला गेला, तो हस्तलिखिताशी जुळतो का ते लोकांनी ताडावं म्हणून. टॅलीचा बॅकअप महिन्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून शेवटची नोंद ताडून पाहणं हे त्याच जातीचं काम आहे, आणि त्याला दहा मिनिटांपेक्षा जास्त लागत नाही.

तुमचा लॅपटॉप नवा असेल तर मात्र यातलं काहीही करण्याआधी तो ज्याने सुरू करून दिला त्याला फोन करा आणि कुठला ईमेल टाकला ते विचारा. त्या खात्यात जाऊन ४८ आकड्यांची की छापून घ्या आणि तो कागद रेशनकार्ड, पासबुकांच्या पिशवीत ठेवा.